ओसाघाएंच्या घरातली चकचकीत जमीन

मित्रांनो, मी एक जुनी जमीन आहे. शेतातली नव्हे, घरातली, पायाखालची. मला ओतून सहा वर्षं झाली. जमिनीच्या आयुष्यात सहा वर्षं म्हणजे काहीच नाही. पण खिडकीजवळचा माझा पांढरा रंग उन्हाने पिवळा पडला आहे, स्वयंपाकघराच्या दाराशी माझी साल सुटली आहे, आणि घरी येणारी माणसं माझ्याकडे बघून म्हणतात, "ही आता बदलायला हवी." हीच माणसं एके काळी मला बघून चपला बाहेर काढत होती.

मी एपॉक्सीची आहे. माझा जन्म दोन डब्यांत झाला. एका डब्यात मधासारखा दाट द्रव, दुसऱ्यात त्याहून पातळ, उग्र वासाचा. दोघे वेगवेगळे ठेवले तर वर्षभर तसेच राहतात. एकत्र ढवळले की अर्ध्या-पाऊण तासात त्यांचं काहीतरी पक्कं ठरतं, आणि मग ते मागे फिरत नाहीत. काचेसारखे कडक होतात. त्यानंतर मला काढायचं तर छिन्नी लागते किंवा घासायचं यंत्र. हा माझा गुण आहे असं विकणारे सांगतात. तो गुण आहे की दोष, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नायजेरियातल्या बेनिन शहरात, तांबड्या मातीच्या एका उतरत्या गल्लीच्या अगदी तळाशी हे घर आहे. घर ओसाघाए यांचं. ते लाकूड चिरण्याच्या गिरणीत कामाला होते. पन्नाशीनंतर त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू वाढत गेला. आधी कडेकडेचा उजेड गेला, मग मधलाही गेला. मी या घरात आले तेव्हा त्यांना काहीच दिसेनासं होऊन बारा वर्षं झाली होती.

पण घरात त्यांना काठी लागत नसे. माझ्याआधी तिथे सिमेंटचा कोबा होता. तो त्यांनी तरुणपणी स्वतः केला होता. बायको इमादे डोक्यावरून पाणी आणत असत आणि ते थापीने सिमेंट सारवत. दोन दिवसांत मिळून तो घातला, म्हणून बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक जोड राहिला होता. पुढे निजायच्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत एक लांब भेग गेली. पाण्याच्या पिंपाजवळ खरखरीत झालं. उंबऱ्याशी पावलांनी झिजून बशीसारखा खळगा पडला. ओसाघाए अनवाणी चालत आणि त्यांची पावलं हे सगळं वाचत. भेगेवरून ते सरळ बाहेरच्या दाराशी येत, जोड लागला की स्वयंपाकघराकडे वळत. नवा पाहुणा आला तर त्याला पहिल्या घटकेत कळतसुद्धा नसे की या माणसाला दिसत नाही.

त्यांची मुलगी अदेसुवा नऊ वर्षं इटलीत होती. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, भरवायची, औषधं द्यायची, असं काम ती करत असे. ती परत आली, आणि तिचं लग्न नोसाखारे नावाच्या शाळामास्तराशी ठरायच्या बेतात आलं. त्याच्या घरची मंडळी रीतसर मागणी घालायला येणार होती. अदेसुवाने घर नव्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिला कोबा दिसला.

तिचं चुकत होतं असं नाही. कोब्याची पूड निघत असे. इमादे दिवसातून दोनदा झाडत आणि प्रत्येक वेळी खोकत. भेगेतून मुंग्यांची रांग निघे. पावसाळ्यात सगळा कोबा घाम आल्यासारखा ओला होई. अदेसुवाने शहरातल्या नव्या घरांत माझ्यासारख्या जमिनी पाहिल्या होत्या, आणि एक दिवस ती माझे डबे घेऊनच घरी आली. ते डबे आठवडाभर बैठकीच्या कोपऱ्यात होते. माझ्याबद्दलचं सगळं बोलणं मी तिथूनच ऐकलं.

जमिनी ओतणारा कारागीर होता एडेबिरी. चाळिशीचा, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघणारा. त्याने आधी माझे गुण सांगितले. सांधा नाही, म्हणून मुंगी नाही. पूड नाही, म्हणून आईंचा खोकला कमी होईल. तेल सांडलं, लाल रस्सा सांडला तरी डाग पडत नाही. एक फडका मारला की झालं. खोलीत उजेड दुप्पट वाटतो. मग त्याने कोब्यावर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवला आणि उद्या येतो म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले होते. एडेबिरीने ते सोडवून अदेसुवाच्या हातात दिलं.

"मॅडम, हे बघा. खालची माती पाणी सोडतेय. यावर ओतलं तर आज छान दिसेल. पावसाळ्यात ओल खालून दाबेल आणि फुगे येतील."

"मग काय करायचं?"

"हा कोबा खणून काढायचा. खाली जाड प्लास्टिक घालायचं, नवा कोबा करायचा, तो वाळू द्यायचा. मग मी ओततो. दोन महिने धरा."

"माणसं तीन आठवड्यांनी येणार आहेत," अदेसुवा म्हणाली.

एडेबिरीने सगळे दोष एकदाच सांगून टाकले, कारण नंतर बोल त्याच्यावर येतो. ओतल्यावर चार दिवस वास राहील, घरात कोणी निजायचं नाही. ऊन पडेल तिथे रंग पिवळा होईल. जड वस्तू पडली तर टवका उडेल, आणि ठिगळ लावलं तरी ते दिसेल. पाणी सांडलं तर ती फार निसरडी होते.

"त्याला एक उपाय आहे," तो म्हणाला. "शेवटच्या थरात मी बारीक वाळू पेरतो. पाय धरून ठेवते. चमक मात्र थोडी जाते."

"चमकेसाठीच तर करतेय मी हे."

इमादे मुलीकडे बघून हसल्या. त्यांनाही चमक हवी होती. आयुष्यभर त्यांनी पूड झाडली होती. एवढी हौस त्यांना असू नये असं कोण म्हणेल? ओसाघाए दाराजवळच्या खुर्चीत बसून ऐकत होते. इतका वेळ कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं. त्यांनीच विचारलं.

"अदेसुवा, चालताना पायाला काही लागेल का?"

"नाही बाबा. काही म्हणजे काही लागणार नाही. एक भेग नाही, एक खडा नाही. लोण्यासारखी होईल."

तिने ते आनंदाने सांगितलं. तिला वाटलं, बाबांच्या पायांची काळजी मिटली. ओसाघाए म्हणाले, "बरं."

मित्रांनो, त्या एका शब्दावर माझा जन्म झाला. त्या प्रश्नाचा अर्थ कोणी विचारला नाही. आणि त्यांनीही सांगितला नाही. मुलगी नऊ वर्षं परक्या देशात राबली होती. ती आईबापाच्या पायाखाली काहीतरी सुंदर घालू पाहत होती. तिला नको म्हणणं त्यांच्या जिभेवर आलं नसावं.

घरातलं सामान शेजारच्या ओसरीवर गेलं. एडेबिरीने यंत्राने कोबा घासला, भेगा भरल्या, जोड सपाट केला, उंबऱ्याचा खळगा बुजवला. दोन दिवस तांबडी-करडी धूळ उडत होती. मग त्याने माझे डबे उघडले. खिळ्यांचे जोडे घालून तो माझ्यातून चालला, काट्यांच्या रोलरने मला पसरत गेला, गॅसच्या ज्योतीने माझ्यातले बुडबुडे फोडत गेला. पांढऱ्यावर त्याने सोनेरी रेषा ओढल्या, संगमरवरात असतात तशा. एक डास माझ्यात पडला आणि कडक होताना माझ्यातच राहिला. तो अजून आहे, कपाटाजवळ, पाय पसरून.

पाचव्या दिवशी घरची माणसं परत आली. इमादे दारातच थांबल्या. त्यांना पाय ठेवायचा धीर होईना. मग त्या आत आल्या, खाली बसल्या आणि दोन्ही तळहात माझ्यावर फिरवत राहिल्या. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. एकजणी वाकून माझ्यात बघत आपलं डोक्याचं रेशमी फडकं नीट करू लागली आणि सगळ्या हसल्या. पुढे महिनाभर इमादे एकदाही खोकल्या नाहीत. माझ्यावर बसून त्या भोपळ्याच्या बिया सोलत आणि टरफलं एका फुंकरीने गोळा करत. हे मी मुद्दाम सांगते. मी त्या घराला सुखही दिलं. ते खोटं नव्हतं.

ओसाघाए सर्वांत शेवटी आत आले. त्यांनी उजवं पाऊल ठेवलं आणि ते थांबले. दुसरं ठेवलं. मग पाऊल थोडं डावीकडे सरकवलं, थोडं उजवीकडे. सगळीकडे सारखंच. माझ्यावर वाचायला काहीच नव्हतं. मुलीने विचारलं, कशी वाटते. ते म्हणाले, "गार आहे."

त्या दिवसापासून ते पावलं मोजू लागले. खाटेपासून दारापर्यंत चार. दारापासून बैठकीच्या मध्यापर्यंत सहा. पण मोजणाऱ्याला मध्येच चूक सुधारायला काहीतरी लागतं. पूर्वी भेग त्यांना सांगत असे की तुम्ही एक वीत उजवीकडे गेलात. आता पहिलं पाऊल किंचित वाकडं पडलं की दहावं भलतीकडेच जाई. त्यात अदेसुवाने नव्या खुर्च्या आणल्या होत्या. ते भिंतीला हात लावून चालू लागले. कोणी बघत असेल तर मात्र हात काढत आणि मधूनच चालत. इमादेंनी ते पाहिलं होतं. त्यांना वाटलं, नवं आहे, सवय होईल.

मागणीची मंडळी आली तो रविवार होता. नोसाखारेच्या घरची अकरा माणसं, त्यांत त्याचे दोन वडीलधारे काका. कोला नावाच्या मानाच्या कडवट बिया, ताडी, फळांच्या टोपल्या. त्यांनी दारात चपला काढल्या आणि माझी स्तुती केली. रीत अशी की घरच्या कर्त्या पुरुषाने पुढे येऊन पाहुण्यांचं स्वागत करायचं, कोला हातात घेऊन आशीर्वाद म्हणायचा, मग तो फोडायचा. ओसाघाएंनी त्यासाठी पांढरा झगा घातला होता, गळ्यात पोवळ्यांची माळ. अदेसुवा हात धरायला गेली तर ते म्हणाले, "माझ्या घरात मला कोणी धरून आणलेलं पाहुण्यांना दिसायला नको."

ते खोलीतून निघाले. चार पावलं. दार. मग सहा. पण नव्या खुर्चीच्या पायाला त्यांचं बोट लागलं, ते जरासे वळले आणि पुन्हा मोजू लागले. मी त्यांचं प्रत्येक पाऊल अंगावर घेत होते. ते वळत चालले होते, आणि मला ते सांगता येत नव्हतं. ते थांबले, छाती पुढे काढली, कोलाची थाळी उंच धरली आणि खणखणीत आवाजात बोलू लागले. पाहुण्यांचं स्वागत केलं. पूर्वजांची नावं घेतली. मुलीला भरल्या घरात सुख लाभो म्हणाले. आशीर्वाद फार सुंदर होता.

त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. अकरा माणसं त्यांच्या पाठीमागे बसली होती.

कोणी हललं नाही. कोणी "तसंच होवो" म्हणालं नाही, कारण ते म्हणायचं कुठे बघून, हे कोणाला कळेना. ओसाघाए उत्तराची वाट पाहत थांबले. मग मागून कोणीतरी घसा खाकरला आणि त्यांना समजलं. नोसाखारेचे थोरले काका उठले, सावकाश चालत भिंतीजवळ गेले, ओसाघाएंच्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, तसंच होवो." त्यांनी थाळी घेतली. तो माणूस सभ्य होता. लग्न मोडलं नाही, कोणी वाकडं बोललं नाही. पण त्या घटकेपासून घरात कोणी मोठ्याने हसलं नाही.

मंडळी गेल्यावर अदेसुवा भांडी आवरत होती. तिच्या मनात दिवसभराची लाज दाटली होती. ती बोलून गेली.

"आजच्या दिवस तुम्ही खोलीतच बसला असतात तर बरं झालं असतं, बाबा."

इमादेंनी तिला गप्प केलं. अदेसुवाला लगेच वाईट वाटलं असावं, कारण रात्रीचं जेवण तिने स्वतः नेऊन दिलं, त्यांचा आवडता पालेभाजीचा काळा रस्सा. त्यांनी जेवण घेतलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण दुसऱ्या दिवशी ते खोलीबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. त्यांनी तक्रार केली नाही, आवाज चढवला नाही. सांगितलं तसे ते बसून राहिले. न्हाणीघरात जायचं तर इमादेंना हाक मारत. जो माणूस संध्याकाळी दारात बसून गल्लीतल्या माणसांना नुसत्या चालीवरून ओळखत असे, त्याची खुर्ची तिथे रिकामी राहू लागली.

एप्रिलमध्ये लग्न झालं. अदेसुवा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. मग पाऊस लागला आणि एडेबिरीचा शब्द खरा झाला. खालच्या मातीतली ओल वर येऊ पाहत होती आणि मी तिला वाट देत नव्हते. ती मला उचलू लागली. स्वयंपाकघराच्या दाराशी माझ्या अंगावर लिंबाएवढे फुगे आले. काही फुटले, त्यांतून कडवट पाणी निघालं. दुखणं म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. पण आपण जिथे चिकटून आहोत तिथून सुटत चाललो आहोत, हे मला कळत होतं.

जुलैतली एक दुपार. इमादेंना दोन दिवस ताप होता. त्यांनी गॅसच्या शेगडीवर पातेल्यात चवळी ठेवली आणि घटकाभर पडते म्हणून बैठकीतल्या लांब बाकावर आडव्या झाल्या. तापाने त्यांना गुंगी आली. बाहेर पाऊस असा पडत होता की पत्र्याखाली माणसाला माणसाचं ऐकू येऊ नये. गल्लीतून उतरणारं पाणी दाराखालून आत आलं आणि माझ्यावर पातळ पसरलं. इकडे चवळीतलं पाणी आटलं.

ओसाघाएंना आधी वास आला. त्यांनी हाक मारली, "अदेसुवाची आई!" उत्तर नाही. पुन्हा मारली. धूर आता खोलीत येत होता. चार महिन्यांत जो माणूस एकटा उठला नव्हता, तो उठला.

ते दारापर्यंत आले. भिंतीला हात लावून गेले असते तर फेरा पडला असता. ते मधूनच निघाले, मोजत, तोंडाने आकडे म्हणत. पाचव्या पावलाला ते पाण्यात आले. मित्रांनो, मी कोरडी असते तेव्हा पावलाला थोडी तरी धरते. ओली झाले की माझ्याकडे धरायला काही उरत नाही. त्यांचा डावा पाय पुढे गेला आणि ते कमरेवर पडले. हाड मोडल्याचा आवाज पावसात कोणाला ऐकू आला नाही. मी ऐकला.

ते ओरडले नाहीत. थोडा वेळ तसेच पडून राहिले. मग कोपरांवर जोर देऊन सरकू लागले. मी गुळगुळीत होते, म्हणून ते सरकू शकले. त्या दिवशी माझा एवढाच उपयोग झाला. स्वयंपाकघराच्या दाराशी माझे फुगे त्यांच्या हाताला लागले, आणि त्यांवरून त्यांना दार कुठे आहे ते कळलं. त्यांनी शेगडीची नळी चाचपली, तिच्यावरून हात नेत टाकीपर्यंत पोहोचले आणि टाकी बंद केली. मग पुन्हा मागे सरकत बाकाशी आले. बायकोचा हात सापडला. तो गरम होता, पण नाडी चालू होती. इमादेंना जाग आली तेव्हा नवरा पाण्यात बसलेला होता आणि त्यांचा हात त्याने धरून ठेवला होता.

"चवळी जळली," ते म्हणाले. "तुला लागलं नाही ना?"

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की खुब्याचं हाड मोडलं आहे, आणि हृदय इतकं अशक्त आहे की शस्त्रक्रियेत माणूस जाईल. ते खाटेवरच परत आले. अदेसुवा नवऱ्याला सांगून माहेरी राहायला आली. पहिले काही दिवस ती वडिलांशी कामापुरतं बोलत असे. कूस बदलणं, अंग पुसणं, सगळं ती सराईत हातांनी करी. एका सकाळी त्यांचे पाय पुसता पुसता तिचे हात थांबले.

"बाबा, तिथे मी परक्या म्हाताऱ्यांच्या न्हाणीघरांत खरखरीत पट्ट्या चिकटवायचे. घरात शिरल्यावर पहिलं काम तेच. पाय घसरू नये म्हणून." तिने फडकं पिळलं. "आणि इथे तो माणूस वाळू पेरतो म्हणाला तर मी नको म्हटलं."

"तू सुंदर केलंस," ओसाघाए म्हणाले. "सगळे म्हणतात."

"तुम्ही विचारलं होतंत, पायाला काही लागेल का."

"हो."

"लागायला हवं होतं ना तुम्हाला?"

"मी नीट विचारायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांनी दोष असा अर्धा करून स्वतःकडे घेतला, आणि त्यानेच ती जास्त रडली.

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून काथ्याचा जाड दोर आणला. एडेबिरीला बोलावलं. त्याने फुग्यांकडे पाहिलं, पण "मी म्हटलं होतं ना" असं तो बोलला नाही. दोघांनी गुडघ्यांवर बसून खाटेपासून बाहेरच्या दारापर्यंत दोर माझ्यावर चिकटवला. माझ्या पांढऱ्या-सोनेरी अंगावर तो ओबडधोबड तपकिरी दोर. इमादेंनी हळूच विचारलं की आता हे कशाला, डॉक्टर तर म्हणाले की ते उठणार नाहीत. अदेसुवा वर न बघता गोंद लावत राहिली.

ओसाघाए उठले नाहीत. पण सप्टेंबरात, पाऊस जरा थांबला तेव्हा, त्यांनी "मला खाली ठेवा" असं सांगितलं. दोघींनी चादरीसकट त्यांना माझ्यावर उतरवलं. त्यांनी उजव्या हाताने दोर धरला आणि बसल्या बसल्या स्वतःला ओढत निघाले. वेदनेने ओठ पांढरे पडले होते. अदेसुवा मदतीला वाकली की ते मान हलवत. चौदा हात अंतराला त्यांना अर्धा तास लागला. दारात पोहोचल्यावर ते चौकटीला टेकून बसले आणि गल्लीचे आवाज ऐकू लागले. कोणीतरी थबकून म्हणालं, "अदेसुवाचे बाबा, किती दिवसांनी!" त्यांनी त्याला चालीवरून ओळखलं होतं. बरोबर नावाने हाक मारली.

असे ते सहा वेळा दारापर्यंत आले. डिसेंबरात वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटला, त्यांच्या छातीत कफ साठला, आणि नव्या वर्षाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. पडून राहणाऱ्या माणसाला असं होतं, डॉक्टर म्हणाले. त्यांना न्यायला आलेल्या माणसांत नोसाखारेचे थोरले काकाही होते. या वेळीही ते दारात चपला काढून अनवाणीच आत आले.

मित्रांनो, मी चांगली की वाईट, असं मला कोणी विचारलं तर मी काय सांगू? इमादे अजून खोकत नाहीत. माझ्यात मुंगी नाही. उजेड आहे. यातलं काहीही खोटं नाही. पण घर सजवताना तुम्ही वस्तूचे गुणदोष मोजाल तेव्हा वस्तूकडेच बघत बसू नका. त्या घरात कोण कोण चालतं ते बघा. कोणाचे पाय कापतात, कोणाला कमी दिसतं, कोण पहाटे उठून भिंत चाचपतं. त्यांना विचारा, आणि ते "बरं" म्हणाले तर थांबा, पुन्हा एकदा विचारा. एडेबिरी आता तसंच करतो असं अदेसुवा सांगत होती. गिऱ्हाईक रागावलं तरी घरातल्या म्हाताऱ्यांना समोर बसवल्याशिवाय तो डबा उघडत नाही.

मला घासून काढायचं एकदोनदा निघालं होतं. इमादे नको म्हणाल्या. त्या आता घरात एकट्याच असतात. त्यांचे डोळे शाबूत आहेत, त्यांना सगळं स्वच्छ दिसतं. तरी खोलीतून दाराकडे जाताना त्या माझ्यावरून जात नाहीत. त्या काथ्याच्या दोरावर एकापुढे एक पाऊल ठेवत जातात. कधी तोल जातो आणि एक पाय माझ्यावर येतो. त्या वेळी मी सगळं बळ एकवटून तो पाय धरायला बघते. मला ते येत नाही.